मिस्त्रींना पाच केव्हीएचा जनरेटर हवा होता

फेब्रुवारी २०२४. श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका गावातले मिस्त्री गोणपाटात गुंडाळलेली तीन मशीन घेऊन माझ्या दुकानात आले. चार इंची ग्राइंडर, रोटरी हॅमर आणि साधं ड्रिल. तिन्हींची आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळलेली. मी मशीन विकत नाही, दुरुस्त करतो, त्यामुळे जळक्या वार्निशचा वास मला नवा नाही. पण एकाच माणसाची आर्मेचर दीड वर्षात पाच वेळा जळतात तेव्हा मशीनमध्ये बघून भागत नाही, माणूस काम कुठे आणि कसं करतो ते बघावं लागतं.

"दादा, आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही," ते म्हणाले. "पाच केव्हीएचा जनरेटरच घेऊन टाकतो. सगळं चालेल ना त्याच्यावर? वेल्डिंगसुद्धा?"

केव्हीए म्हणजे जनरेटर किती वीज पुरवू शकतो त्याचं माप. त्यांनी ऐंशी हजार रुपये जमवले होते, त्यातले निम्मे पतपेढीचे. त्यांचं काम छपरांचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्याने या पट्ट्यातली कौलं आणि सिमेंटचे पत्रे पाचोळ्यासारखे उडाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. तेव्हापासून लोक वासे-रिपा काढून चौकोनी पाइप आणि कलर कोटेड पत्रे घालायला लागले. मिस्त्री, त्यांचा भाचा आणि दोन हाताखालची माणसं हेच काम करतात. सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेअखेरीला संपतो. जून उजाडला की छपरावर चढायचं नाही.

जनरेटरचं नंतर बघू, आधी एकदा साइट दाखवा, असं मी म्हणालो.

वायर

रविवारी मल्टिमीटर घेऊन गेलो. घर पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, वरच्या अंगाला होतं आणि लाईट घेतली होती खालच्या शेजाऱ्याकडून. मधे साठ मीटर वायर, एक स्क्वेअर एमएमची, तीन ठिकाणी पिळून चिकटपट्टी मारलेली. शेजाऱ्याच्या बोर्डावर मला २०४ व्होल्ट मिळाले. वरच्या टोकाला हॅमर आणि ग्राइंडर एकदम दाबायला सांगितले, तर काटा १८१ वर आला.

हिशेब सोपा आहे. एक स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीला मीटरमागे ०.०१९ ओहमच्या आसपास रोध असतो. जायची साठ आणि यायची साठ मिळून १२० मीटर, म्हणजे सव्वादोन ओहम. दोन मशीनचे मिळून साडेसात अँपिअर वाहिले की सतरा व्होल्ट वायरच खाते, उरलेले पिळलेले सांधे खातात. व्होल्टेज पडलं की मशीन मंद फिरतं. मंद फिरलं की त्याचा पंखाही मंद होतो आणि आतली हवा खेळत नाही. आणि मशीन मागे पडतंय असं वाटून माणूस आणखी जोर लावतो. पाच आर्मेचर अशीच गेली होती. तीच वायर अडीच स्क्वेअर एमएमची घेतली असती तर पडणारं व्होल्टेज निम्म्याहून कमी झालं असतं. ऐंशी हजारांतला पहिला खर्च मी हाच धरला: अडीचची तीन कोअर वायर, ड्रमवर गुंडाळलेली, मधे एकही सांधा नाही.

पण वायरीने सगळं भागणार नव्हतं. त्यांची निम्मी कामं अशा घरांवर असतात जिथे मीटरच लागलेला नसतो, किंवा लागलेला असूनही त्या दिवशी लाईट नसते.

वही

मी त्यांना एक काम दिलं. आठ दिवस भाच्याने वहीत लिहायचं: किती स्क्रू मारले, किती भोकं पाडली, किती कट मारले, किती वेळ वेल्डिंग केलं. भाचा बारावी शिकलेला आहे, त्याने चोख लिहिलं. मला त्या वहीचं फार कौतुक वाटलं आणि अजून वाटतं. दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस "किती वॅटचं घेऊ" विचारतो, दिवसभरात नेमकं काय करतो ते कुणीच लिहून आणत नाही.

वहीतून असं निघालं. पत्रे ठोकायच्या दिवशी चारशे ते साडेचारशे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू. जांभ्याच्या भिंतीत नाहीतर काँक्रीटच्या बेल्टमध्ये फास्टनरसाठी तीस-चाळीस भोकं. ग्राइंडरचे कट कुठल्या दिवशी दहा, कुठल्या दिवशी सत्तर. आणि वेल्डिंग आठ दिवसांत फक्त दोनदा, पण ज्या दिवशी असेल त्या दिवशी तीन-चार तास सलग.

म्हणजे कामाचे दोन भाग पडत होते. स्क्रू आणि भोकं रोजची, छपरावरची, एका जागी न थांबणारी. तिथे वायर म्हणजे पायात येणारा साप. चौदा फुटांवर पत्र्याच्या कडेला बसलेल्या माणसाच्या पायाखालून वायर ओढली जाते तेव्हा काय होतं, ते त्यांनी एकदा पाहिलंय. हाताखालचा एक मुलगा तीन महिने घरी बसला होता. दुसरा भाग कापण्याचा आणि जोडण्याचा. त्याला ताकद भरपूर लागते, पण तो जमिनीवर होऊ शकतो आणि निम्माअधिक घरच्या शेडमध्येही होऊ शकतो.

आता वेल्डिंगचं गणित. बारा नंबरची काडी, म्हणजे अडीच एमएमची, ऐंशी अँपिअरवर चालवली तर आर्कवर १,८५० वॅटच्या आसपास जातात. मशीनमधला तोटा आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरा कामी येणारा वाटा) धरला की साधं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन सव्वातीन केव्हीए ओढतं. दहा नंबरची काडी १२० अँपिअरवर नेली तर तोच आकडा पाचच्या वर जातो. बाजारात 'पाच केव्हीए' म्हणून मिळणारा जनरेटर सलग चालवायला साधारण साडेचारचाच असतो, पाच हा त्याचा काही क्षणांपुरता कमाल आकडा. म्हणजे ज्या वेल्डिंगसाठी मिस्त्री ऐंशी किलोचा जनरेटर पाखाडी चढवून नेणार होते, तेच वेल्डिंग त्याच्यावर रडतखडत झालं असतं. आणि उरलेले दिवस दोन ड्रिलांसाठी ते धूड ३,००० आरपीएमवर दिवसभर घरघरलं असतं. ५० हर्ट्झ द्यायचे तर साध्या जनरेटरला त्याच वेगाने फिरावं लागतं, लोड असो वा नसो. दिवसाला सहा-सात लिटर पेट्रोल धरा.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, महिन्यातून आठ दिवस लागणाऱ्या लोडसाठी तीस दिवसांचा जनरेटर घेऊ नका. ट्रसची, म्हणजे छपराच्या सांगाड्याची, जोडणी शेडमध्ये लाईटवर वेल्डिंग करून करा, साइटवर क्लीट (जोडायच्या लोखंडी पट्ट्या) लावून नट-बोल्टने जोडा. अगदी अडलंच तर डिझेलचा जनरेटर भाड्याने आणा.

हे त्यांना लगेच पटलं नाही. "वेल्डिंग केलं की मजबूत, बोल्ट म्हणजे जुगाड" असं गिऱ्हाइकाला वाटतं, हे त्यांचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्य होतं. पण साइटवर घाईत, पडत्या व्होल्टेजवर मारलेल्या टाक्यांपेक्षा शेडमध्ये नीट मारलेला वेल्ड आणि बारा एमएमचा बोल्ट कितीतरी चांगला. शेवटी त्यांनी एक ट्रस तसा करून पाहिला, वर चढवायलाही हलका पडला, आणि मग विषय संपला.

आधी बॅटरी, मग मशीन

बिनवायरच्या मशीनचं दुकानात कुणी सांगत नाही ते असं: आपण मशीन घेत नाही, बॅटरी घेतो. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा बसत नाही. बॉशची निळी आणि हिरवी एकाच घरातली, तरी त्यांच्या अठरा व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकींना चालत नाहीत. पहिली बॅटरी घेतली की पुढची दहा वर्षं त्या घराशी सोयरीक झाली.

व्होल्टच्या आकड्यांनी लोक फार गोंधळतात. १८, २०, २१ हे तीन आकडे तीन वेगळ्या ताकदी वाटतात. आत तिन्हींमध्ये एकामागे एक जोडलेले पाचच सेल असतात. लिथियम सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, म्हणून पाचांचे १८. नुकताच चार्जरवरून काढलेला, कामाला न लावलेला सेल चारच्या आसपास, म्हणून २०. अगदी काठोकाठ भरलेला ४.२, म्हणून २१. डिवॉल्टचा '२० मॅक्स' आणि मकिताचा १८ यांत व्होल्टचा फरक नाही, फक्त लिहिण्याचा आहे. खरा आकडा व्होल्ट गुणिले एएच (अँपिअर-तास). अठरा व्होल्ट, पाच एएच म्हणजे ९० वॅट-तास.

हे ९० वॅट-तास वहीतल्या कामाला लावून पाहू. ग्राइंडर पाइप कापताना ६०० वॅटच्या आसपास खातो, म्हणजे भरलेली बॅटरी सलग नऊ मिनिटांत संपते. रोज सत्तर कट बॅटरीवर मारायचे म्हटलं तर चार्जरपुढे रांग लावावी लागेल. उलट स्क्रूचं काम बॅटरीसाठीच जन्मलेलं. उसन्या आणलेल्या मशीनवर आम्ही त्यांच्याच शेडच्या छपरावर मोजून पाहिलं, दोन एमएमच्या पाइपमध्ये पाच एएचच्या एका बॅटरीवर १६२ स्क्रू गेले. जांभ्याच्या चिऱ्यात भोकं पाडताना तर बॅटरी संपायच्या आधी काम संपतं. काँक्रीटला वेळ लागतो, पण बारा एमएमपर्यंत अठरा व्होल्टचा हॅमर खणखणीत चालतो.

त्याच दुपारी दुसरी एक गोष्ट समजली. भाच्याला इम्पॅक्ट ड्रायव्हर हवा होता, कारण व्हिडिओत सगळे तोच वापरतात. टक-टक-टक आवाज करत स्क्रू क्षणात आत जातो. मी त्याला दहा स्क्रू इम्पॅक्टने आणि दहा क्लचवाल्या, म्हणजे ठरवलेल्या जोराला आवळणं थांबवणाऱ्या, ड्रिल ड्रायव्हरने मारायला लावले आणि मग वायसर बघायला सांगितले. स्क्रूच्या टोपीखाली पोलादी चकती असते आणि तिला काळं रबर चिकटलेलं असतं. नीट आवळलेल्या स्क्रूचं रबर चकतीच्या कडेशी बारीक, सारख्या जाडीच्या काळ्या रेघेसारखं दिसतं. इम्पॅक्टने मारलेल्या दहापैकी सहांचं रबर बाहेर फुगून आलं होतं, दोघांचं तर एका बाजूने फाटलं होतं. खाली पत्र्याला खळगा. पहिल्या पावसात पाणी त्या खळग्यात थांबणार आणि फाटलेल्या बाजूने आत झिरपणार. शिवाय इम्पॅक्टच्या वेगाने तीन स्क्रूंची टोकं पाइपला भोक पडायच्या आधीच तापून बोथट झाली. भाचा बराच वेळ ते वायसर नखाने दाबून बघत बसला. मागच्या वर्षी गळतीची तक्रार आलेली तीन घरं त्याला आठवली असावीत.

म्हणून पत्र्यासाठी क्लचचा ड्रिल ड्रायव्हर. इम्पॅक्ट त्यांनी तरीही घेतला, पण नट-बोल्टसाठी आणि लाकडी रिपांतल्या लांब स्क्रूंसाठी, जिथे त्याची खरी जागा आहे.

शेवटची यादी अशी झाली. ड्रिल ड्रायव्हर, इम्पॅक्ट आणि एसडीएस-प्लसचा (खाचेत बिट अडकवायचा) हॅमर, तिन्ही ब्रशलेस, म्हणजे मोटरमध्ये घासणारे कार्बन ब्रश नसलेले. कार्बन नसल्याने मशीन कमी तापतं आणि त्याच बॅटरीत जास्त काम करतं. पाच एएचच्या चार बॅटऱ्या. डोक्यावर हात करून काम करताना वजन कमी हवं म्हणून दोन एएचची एक. एकाऐवजी दोन फास्ट चार्जर. बॅटरीवरचा ग्राइंडर घेतला नाही. जुन्याचं आर्मेचर बदलून दिलं, तो वायरवरच चालेल. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या गावाहून दीड तासावर ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर होतं ती घेतली, इतकंच त्याचं कारण. तुमच्या गावाजवळ दुसरी असेल.

जनरेटर, पण कशासाठी

आता जनरेटरचं काम पालटलं. छपरावरची मशीन चालवायची नव्हती, बॅटऱ्या चार्ज करायच्या होत्या आणि मधूनमधून ग्राइंडर नाहीतर मार्बल कटर, एका वेळी एकच. जोरातल्या दिवशी सहा बॅटऱ्या रिकाम्या होतात, म्हणजे ५४० वॅट-तास. चार्जरमधला तोटा धरूनही पाऊण युनिटच्या आत. दोन चार्जरवर पाऊण तासाच्या तीन फेऱ्या. यासाठी एक केव्हीएसुद्धा पुरला असता, पण १,२५० वॅटचा मार्बल कटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त ओढतो, म्हणून दोन केव्हीएचा वर्ग धरला.

समोर दोन पर्याय होते. एक उघड्या फ्रेमचा साधा जनरेटर, स्वस्त, पण चाळीस किलोचा. दुसरा इन्व्हर्टर जनरेटर, दीडपट महाग, पण सुटकेससारखा बंद आणि एकवीस किलोचा. इन्व्हर्टर प्रकारात इंजिनाने केलेली वीज आधी डीसी होते आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिची स्वच्छ ५० हर्ट्झची वीज करतं, म्हणून लोड कमी असला की इंजिन हळू फिरू शकतं. साध्यात लोड एकदम सुटला की व्होल्टेज उसळी मारतं. ग्राइंडर थांबला त्या क्षणी शेजारी लावलेला चार्जर गेला, अशा दोन केस माझ्याच टेबलावर आल्या आहेत.

मी इन्व्हर्टरच्या बाजूचा होतो, पण निर्णय वजनावर झाला. पाखाडीला सत्तर-ऐंशी पायऱ्या. एकवीस किलो एक माणूस खांद्यावर नेतो, चाळीसला दोघं लागतात, म्हणजे चारांतली दोन माणसं सकाळी त्यातच अडकतात. मिस्त्रींनी स्वतः दुकानात तो उचलून पाहिला, दहा पावलं चालले आणि पैसे दिले. पहिल्या महिन्यात त्यांचं पेट्रोल दिवसाला लिटरभराच्या आत राहिलं.

खोक्यावर २.२ केव्हीए लिहिलं होतं, आतल्या पट्टीवर सलग चालवायचा आकडा १.८. विश्वास पट्टीवरच ठेवायचा. आणि इको बटण, लोड कमी असला की इंजिन मंद करणारं: बॅटऱ्या चार्ज करताना चालू, कटर लावताना बंद. इंजिन मंद फिरत असताना कटर दाबला की ते दम तोडतं, पहिल्या दिवशी तसं दोनदा झालं.

बिनजनरेटरचा पर्यायही मी समोर ठेवला होता. पाचशे वॅट-तासांचं पोर्टेबल पॉवर स्टेशन, धूर नाही, आवाज नाही. ज्यांना रात्री घरी खात्रीची लाईट मिळते त्यांनी खरंच तोच घ्यावा. पण २०२० मध्ये ज्यांनी आठवड्यांचा अंधार पाहिला त्यांना पेट्रोलचा डबा जास्त भरवशाचा वाटतो आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

दोन प्रसंग

मार्चअखेरीस भाच्याने बाजारातून एक 'कंपॅटिबल' बॅटरी आणली. वर ६.० एएच छापलेलं, किंमत निम्म्याहून कमी. ती ४१ स्क्रू मारून बंद पडली. मी दुकानातल्या काट्यावर ठेवली, ४३० ग्रॅम भरली. त्यांची खरी पाच एएचची ६३० ग्रॅमची होती. असल्या बॅटरीत १८६५० मापाचा एक सेल पंचेचाळीस-शेहेचाळीस ग्रॅमचा आणि पाच एएचसाठी असे दहा लागतात. नुसत्या सेलचंच वजन साडेचारशे होतं. मग ४३० ग्रॅममध्ये खोका, सर्किट आणि सहा एएच कसं मावेल? उघडली तर पाच सेल, बाकी पोकळी. आता मी प्रत्येकाला सांगतो, बॅटरी घेताना काटा शोधा.

दुसरा प्रसंग सांगताना मला अजून धडकी भरते. एप्रिलमध्ये अवकाळी पावसाची सर आली म्हणून हाताखालच्या मुलाने चालू जनरेटर उचलून घराच्या पडवीत ठेवला. पडवी तीन बाजूंनी बंद, मागे माजघर, माजघरात घरमालकांच्या आई झोपलेल्या. अर्ध्या तासाने मिस्त्री पाणी प्यायला खाली आले तर आजी उठून बसल्या होत्या, डोकं दुखतंय आणि मळमळतंय म्हणत होत्या. मिस्त्रींनी आधी जनरेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, आजींना अंगणात आणून बसवलं आणि रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं. आजी बचावल्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो जागंही करत नाही. "बाहेरच तर होता, पडवीत," असं तो मुलगा रडत सांगत होता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मीही नाही, आणि ती माझी चूक होती. इको बटण समजावलं आणि हे राहून गेलं.

त्यानंतर नियम केला: जनरेटर घरापासून वीस फूट लांब, धुराड्याचं तोंड घराच्या उलट दिशेला, पावसात वर पत्र्याचा तुकडा चार बांबूंवर, चारही बाजू मोकळ्या. आणि दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर कुणी घरमालकाने आणून दिली, "घरातले पंखे पण चालवा जरा" म्हणून, तर हात जोडून नाही म्हणायचं. ती वीज मीटरमधून उलटी फिरून बाहेरच्या तारांत जाते, आणि लाईट गेलेली असताना त्या तारांवर महावितरणचा वायरमन चढलेला असतो.

पावसाळा

मेअखेरीला मिस्त्री सगळं सामान घेऊन आले. चार महिने हे कुठे ठेवायचं? कोकणातली मशीन कामाने मरतात त्याहून जास्त या चार महिन्यांत मरतात. रिकामी बॅटरी मशीनला तशीच लावून माळ्यावर टाकली की थेंबथेंब उतरत ती इतकी खाली जाते की चार्जर तिला ओळखतच नाही. खारी दमट हवा पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढवते. जनरेटरचा त्रास वेगळा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरचं बारीक जेट चोंदून टाकतं.

आम्ही बॅटऱ्या त्यांच्यावरच्या चार्ज दाखवणाऱ्या दिव्यांतल्या दोन दिव्यांपर्यंत उतरवल्या, मशीनमधून काढल्या, पट्ट्या पुसल्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या. तो डबा भिंतीतल्या कपाटात, चुलीपासून लांब. जनरेटरची टाकी उपसली, कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल बाटलीत काढलं, ऑइल बदललं. भाच्याने वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून हे सगळं लिहिलं आणि खाली लिहिलं, 'गणपतीत बघणे.'

सप्टेंबरमध्ये, गौरी जेवल्या त्या संध्याकाळी, त्याचा फोन आला. तीन बॅटऱ्यांवर दोन दिवे होते, एकीवर एक, तिला त्याने चार्जरवर लावलं होतं. जनरेटर तिसऱ्या दोरीला सुरू झाला. "घरापासून लांब ठेवलाय ना?" मी विचारलं. तो म्हणाला, "माडाखाली आहे, दादा, पार पलीकडे. ऐका." आणि त्याने फोन त्या दिशेला धरला.